पहाटेची शाळा : पंडिता रमाबाई आणि बालकाची दिनचर्या

शाळेत घालण्यापूर्वीच्या वयातील आपल्या मुलाला घरीच शिकवावे, असे वाटणारे काही तरुण आईवडील अलीकडे आम्हाला भेटतात. लोणावळा, खंडाळा आणि तळेगाव या परिसरात अशी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. त्यांचा प्रश्न साधारणपणे एकच असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचा दिवस आखावा कसा? सकाळी काय शिकवावे, खेळाला किती वेळ द्यावा आणि घरातील कामे सांभाळून हे सारे जमवावे तरी कसे? २००९ सालचा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयातील मुलांसाठी आहे. त्याआधीची वर्षे आजही मुख्यत्वे आईवडिलांच्याच स्वाधीन आहेत. म्हणून हा प्रश्न लहान नाही.

या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकाच्या तक्त्यात शोधण्याऐवजी आम्ही ते एका चरित्रात शोधू इच्छितो. हे चरित्र पंडिता रमाबाईंचे होय. त्या कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये अँग्लिकन ख्रिस्तसभेत झाला. तथापि मराठी ख्रिस्ती समाजाच्या सामाईक वारशात त्यांचे स्थान निर्विवाद आहे. शिवाय घरच्या शिक्षणाचे फळ आणि त्या शिक्षणाची उणीव, या दोहोंचा अनुभव त्यांच्याइतका क्वचितच कोणी घेतला असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात गुरूंकडे शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला गुरुजी संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या पत्नीलाही शिकवावे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात ठाण मांडून बसला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे तो सिद्धीस गेला नाही. तिच्या निधनानंतर लहानग्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्यावर त्यांनी तो तडीस नेला. स्त्रीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना उडुपी येथे धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून ते त्यातून सुटले आणि पत्नीला घेऊन अरण्यात राहू लागले. स्वतःच्या घरात कोणाला काय शिकवावे, हे ठरवण्यासाठीही एकेकाळी केवढी किंमत मोजावी लागत असे, हे येथे ध्यानात येते.

रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो पेटारा सेवकाच्या डोक्यावर देऊन अरण्याबाहेर आणण्यात आले. त्यानंतर या कुटुंबाला स्थिर घर असे लाभलेच नाही. एका क्षेत्री काही काळ मुक्काम, पुन्हा प्रवास, पुन्हा दुसरे क्षेत्र, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. घर नव्हते, मात्र दिनक्रम होता. स्नान, पूजा, मग देवळात किंवा नदीकाठी पुराणवाचन. आईवडिलांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या या मुलीच्या कानावर शुद्ध उच्चारातील भाषा रोज पडत होती. भिंती बदलत गेल्या तरी दिवसाचा क्रम बदलला नाही, आणि मुलांना आधार मिळतो तो या क्रमाचाच.

प्रत्यक्ष शिकवणीस आरंभ झाला तो रमाबाई सुमारे आठ वर्षांच्या झाल्यावर. वडील वृद्ध झाले होते, म्हणून ही जबाबदारी लक्ष्मीबाईंनी पत्करली. परंतु त्यांचा दिवस कामाने भरलेला असे. स्वयंपाक, धुणे, मुलांची देखभाल, पाहुणे आणि विद्यार्थी यांची व्यवस्था, सारे त्यांच्याच शिरावर. मोकळा असा एकच वेळ उरत होता, तो पहाटेचा. तोच त्यांनी लेकीसाठी राखून ठेवला. गाढ झोपेतील मुलीला त्या मायेने जागे करीत, जवळ घेत आणि झाडांवरची पाखरे किलबिलू लागण्याच्या सुमारास पाठ सुरू होई. हाती पुस्तक नसे. आईच्या मुखातून आलेला श्लोक मुलीने म्हणायचा, पुन्हा म्हणायचा आणि तो मनात ठसवायचा. दिवस उजाडून कामे सुरू झाली की शाळा सुटे.

या पद्धतीने रमाबाई वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत शिकल्या. भागवत पुराणाचे अठरा हजार श्लोक त्यांना बाराव्या वर्षीच मुखोद्गत होते, असे सांगितले जाते. पुढे कोणाच्या फारशा साहाय्यावाचून स्वतःचे शिक्षण स्वतः चालवता यावे, एवढी तयारी आईने करून घेतली होती. आम्हाला यातील पाठांतरापेक्षा लक्ष्मीबाईंची निवड अधिक मोलाची वाटते. त्यांनी सारा दिवस शिकवण्यात घालवला नाही. तसे करणे त्यांना शक्यही नव्हते. त्यांनी दिवसातील एक प्रहर निवडला आणि त्यात दुसरे काही येऊ दिले नाही.

आता या शिक्षणाची दुसरी बाजू पाहू. मुलांनी इतरांत फारसे मिसळू नये, इंग्रजी शिकू नये, असा आईवडिलांचा कटाक्ष होता. हाताने काही काम करून चरितार्थ चालवण्याचे शिक्षण तर उच्चवर्णीय विद्वानांच्या घरात कोणाला सुचण्यासारखेच नव्हते. १८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मात आणि प्रवासात संपला. मजुरी करता येत नाही आणि भीक मागवत नाही, अशा कोंडीत हे कुटुंब उपाशी राहिले. प्रथम वडील गेले. काही आठवड्यांतच आई अखेरच्या आजारात पडली. भ्रमात ती भाकरीचा तुकडा मागू लागली. रमाबाई शेजारच्या एका गृहिणीच्या दारी गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. हजारो श्लोक जिला पाठ, त्या मुलीला भाकरी मागता आली नाही. गृहिणीने न मागताच दिलेली बाजरीची भाकरी घेऊन त्या परतल्या, परंतु ती खाण्याची शक्ती आईत उरलेली नव्हती. पुढे थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे देशभर पायी हिंडली.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. १८८० साली भाऊ श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२च्या फेब्रुवारीत पतीचे निधन झाले. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीसह पुण्यास आली. तेथे तिने आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या आईने आपल्यासाठी राखलेला पहाटेचा तास रमाबाई मनोरमेला नेहमी देऊ शकल्या नाहीत. शिक्षण आणि कार्य यांसाठी मनोरमेला काही काळ वाँटेजच्या धर्मभगिनींच्या हाती सोपवावे लागले. तिच्या धर्मशिक्षणाविषयी रमाबाई आणि धर्मभगिनी यांच्यात मतभेदही झाले. मुलीला काय शिकवले जाते, हे पाहण्याचा आईचा अधिकार रमाबाईंनी सोडला नाही. आजही ज्या मातांना नोकरीसाठी मुलाला दुसऱ्यांच्या हाती सोपवावे लागते, त्यांना या प्रसंगातील व्यथा निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. तेथे त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालोद्यान पद्धती, म्हणजेच किंडरगार्टन, अभ्यासली. फ्रोबेल यांच्या मते लहान मूल खेळातून शिकते. लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, ठोकळे, गाणी, बागेतील छोटा वाफा ही त्या वयाची पुस्तके होत. पाठांतराच्या जोरावर पंडिता झालेल्या स्त्रीने लहान मुलांसाठी पाठांतर निवडले नाही, खेळ निवडला, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. बालोद्यानाचे शिक्षण रमाबाईंनी आपल्या संस्थेत आणले. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. तरीही कार्य थांबले नाही.

या चरित्राचा आपल्या मावळाशी असलेला धागा येथे जुळतो. १८९६च्या एप्रिलमध्ये लोणावळ्यास ख्रिस्ती बंधुभगिनींचे साधनाशिबिर भरले होते. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन त्यासाठी आल्या. एके दिवशी पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या आणि त्यांनी डोंगरावर सूर्य उगवताना पाहिला. तो सह्याद्रीच होता, त्यांच्या जन्मस्थळाचा पर्वत. आणि वेळही तीच होती, आईच्या शाळेची. सोबतच्या पंधरा मुलींचा विचार करून त्यांनी देवाकडे या संख्येचा वर्ग मागितला, म्हणजे दोनशे पंचवीस. तेव्हा इतक्या मुलींना ठेवायला जागा नव्हती आणि पोसायला पैसाही नव्हता. त्यानंतर काही महिन्यांतच मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळ भोगलेल्या रमाबाई तेथे धावून गेल्या आणि त्यांनी शेकडो मुलींना व स्त्रियांना आश्रय दिला. पुण्यात प्लेगची साथ असल्याने या मुलींना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले.

मुक्तीमधील शिक्षणात रमाबाईंच्या आयुष्याचे तिन्ही धडे एकत्र आले. प्रार्थना आणि अक्षरओळख होती. लहानग्यांसाठी बालोद्यान होते. शिवाय विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, शेती, छपाई यांचे शिक्षण होते. आपल्या बालपणी जे राहून गेले, ते या मुलींच्या बाबतीत राहू नये, याची ती दक्षता होती. मनोरमेनेही पुढे आईच्या कार्याला वाहून घेतले. तिने तेथे अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. २४ जुलै १९२१ रोजी ती निवर्तली. बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण करून रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

ज्या पालकांना मुलाचा दिवस आखायचा आहे, त्यांच्यापुढे आम्ही या चरित्रातील तीन गोष्टी ठेवतो. पहिली, मुलासाठी राखून ठेवलेली रोजची एक वेळ. ती पहाटेचीच असावी असे नाही. दिवेलागणीनंतरचा अर्धा तासही पुरतो. मात्र त्या वेळी हातात मोबाइल नसावा आणि मनात दुसरे काम नसावे. गोष्ट, गाणे, प्रार्थना यांसाठी ती वेळ असावी. दुसरी, मनमुराद खेळ. त्याला तासिकेची चौकट घालू नये, आणि त्यात शेजारपाजारची मुले अवश्य असावीत. तिसरी, घरातील लहानसे काम. शेंगा सोलणे, डाळ निवडणे, कुंडीत मेथी पेरणे, भातलावणीच्या दिवसांत बांधावर बसून आवण उपटताना पाहणे, यांतून हात शिकतात आणि आपण घराच्या उपयोगी पडतो, ही जाणीव मुलाला येते. जेवण आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या असल्या की उरलेला दिवस या तिन्हींमध्ये आपोआप बसतो. अक्षरांची घाई करण्याचे कारण नाही. रमाबाईंना शिकवायला आईने आठव्या वर्षी आरंभ केला होता, आणि तरीही त्यांना उशीर झाला नाही.

लक्ष्मीबाईंना लेकीचे मोठेपण पाहायला मिळाले नाही. त्यांनी कोणतेही वेळापत्रक लिहून ठेवले नव्हते. स्वतःच्या झोपेतून एक तास काढून त्यांनी तो लेकीला दिला. केडगावला आश्रय मिळालेल्या हजारो स्त्रिया आणि मुली त्या तासाच्याही ऋणी आहेत.