नवे शिकण्याची लाज कसली?



धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. त्रिशरण-पंचशील मुलांना पाठ झाले. पण घरातली मुलगी एखादा नवा विषय शिकते म्हणाली की आपणच तिला अडवतो. आपल्या घरात हे कुणी शिकले नाही, तुला कसे जमेल, असे विचारतो. प्रौढ आई पाटी हातात घ्यायला लाजते. आणि बाबासाहेबांचे उदाहरण कुणी दिले, तर ते महामानव, आपली काय बरोबरी, म्हणून आपण हात जोडतो. हे बोलणे आदराचे वाटते, पण ती पळवाट आहे. म्हणून आज त्यांच्या चरित्राकडे एवढ्याच दृष्टीने पाहा, की अनोळखी विद्येच्या दारात ते किती वेळा उभे राहिले आणि आत कसे शिरले.

शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाले, तेव्हा त्यांनी फारसी घेतली. पण बंद दाराचा विसर त्यांनी पडू दिला नाही. पुढे स्वतःच्या कष्टाने ते संस्कृत शिकले आणि ज्या ग्रंथांच्या नावाने आपल्याला दूर ठेवले होते, ते ग्रंथ त्यांनी तपासले.

१९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. तेवढ्यावर न थांबता इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ घेतले. फ्रेंच व जर्मन या भाषांचीही मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मानववंशशास्त्र हा त्यांना अगदी नवा विषय. तरी १९१६ च्या मे महिन्यात, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याच विषयाच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. आपण भोगलेल्या दुःखाचे कारण शोधायला त्यांनी नव्या शास्त्राचे हत्यार ताबडतोब हाती घेतले.

लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी त्यांनी बरोबरीने चालवली. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहिला, पण निष्कर्ष सोडले नाहीत. १९२३ साली डी.एस्‌सी. पदवी मिळाली. परत आलेला कागद म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे, हे परीक्षेत नापास झालेल्या आपल्या मुलाला आज सांगा.

आता फारशी न सांगितली जाणारी गोष्ट ऐका. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले. त्यात खाणी होत्या, पाटबंधारे होते, वीज होती. वय ५१. ते अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित होते, इंजिनिअर नव्हते. मग त्यांनी काय केले? १९४३ साली धनबादला जाऊन ते कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले आणि मजूर कसा राबतो ते डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी दामोदर नदीला मोठा पूर आला. तेव्हा अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या योजनेचा अभ्यास झाला, तिथल्या वूर्डुइन नावाच्या इंजिनिअरची मदत घेण्यात आली. १९४५ च्या जानेवारीत कलकत्त्याला आणि नोव्हेंबरात कटकला भरलेल्या परिषदांत बाबासाहेब नद्यांवर बोलले. पुराचे पाणी केवळ शत्रू समजून बांध घालण्यापेक्षा ते साठवावे, त्यातून शेतीला पाणी, घराला वीज आणि नौकांना मार्ग मिळावा, असा त्यांचा विचार होता. पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले, महानदीवर हिराकूड धरण झाले.

यात त्यांची शिकण्याची रीत दिसते. जागेवर जाऊन पाहायचे. जाणत्याला विचारण्यात कमीपणा मानायचा नाही. दुसऱ्या देशाचा अनुभव तपासून घ्यायचा. आणि प्रत्येक विद्येला एकच प्रश्न विचारायचा, की हिने राबणाऱ्या माणसाचे दुःख किती कमी होईल?

आयुष्याच्या उतरणीला मधुमेहाने शरीर पोखरले, डोळे अधू झाले, पाय दुखत. अशा अवस्थेतही त्यांनी पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीत, तसेच मराठी, गुजराती व हिंदीत लिहून कोश तयार केला आणि पालीचे व्याकरणही लिहिले. महाराष्ट्र शासनाने ते काम १९९८ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. ज्यांच्या हाती सत्ता, पदवी, कीर्ती सारे आले होते, ते म्हातारपणी शब्दार्थाची वही घेऊन बसले होते.

आणि आपण? वंदना रोज म्हणतो, अर्थ किती जणांना ठाऊक आहे? अर्थ न कळता म्हटलेली गाथा आणि कालपर्यंत भटजीच्या तोंडून ऐकलेला मंत्र, यांत मग फरक तो कोणता राहिला? बाबासाहेबांनी आपल्याला जुन्या देवांच्या जागी नवा देव दिला नाही. त्यांनी समजून घेण्याचा हक्क दिला.

तेव्हा आज संध्याकाळी वंदना झाल्यावर एक वही काढा. पंचशीलातला एक शब्द लिहा आणि त्याचा अर्थ त्याच्यासमोर लिहा. ठाऊक नसेल तर विहारात विचारा. आईला लिहिता येत नसेल तर मुलीने तिचा हात धरून तो शब्द गिरवून घ्यावा. उद्या दुसरा शब्द. आणि तीच मुलगी उद्या गणित, यंत्र किंवा परकी भाषा शिकायची म्हणाली, तर तिची वाट अडवू नका. प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. बाबासाहेबांची वही पुढे चालवणे, हे आपले काम आहे.

जय भीम.