ताराबाई मोडक

सकाळी केजमधील एखाद्या अंगणवाडीजवळून जाताना टाळ्यांचा आवाज ऐकू येतो. लहान मुले गोल करून उभी असतात. ती गाणे म्हणतात, तालावर उड्या मारतात, फेर धरतात. तुम्ही म्हणाल, ही मुले तर नुसती खेळत आहेत! पण या खेळातच त्यांचे शिक्षण चाललेले असते. हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ज्यांनी रुजवला, त्या ताराबाई मोडक यांची ही गोष्ट आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरातील वातावरण सुधारकी होते, म्हणून त्यांना शिकता आले. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया फारच थोड्या होत्या. पुढे राजकोट येथे त्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मात्र संसारात त्यांना सुख लाभले नाही. तरीही त्या खचल्या नाहीत.

१९२३ साली त्या भावनगरला गेल्या. तेथे गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. तेथे मुलांना छडीचा धाक नव्हता. गाणी, गोष्टी, नाच आणि नाटक यांतून मुले आनंदाने शिकत. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती गिजुभाईंनी आपल्या मातीत रुजवली होती. ताराबाई या कामात रमून गेल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. नंतर मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार सुरू केले.

पण शहरातील मुलांनाच हे शिक्षण मिळावे, हे त्यांच्या मनाला पटेना. गरिबांच्या मुलांचे काय? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहर सोडून त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. तरुण अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित व आदिवासी वस्तीतील मुले तेथे येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात शाळा भरू लागली. हीच अंगणवाडी!

महागडी साधने विकत घेण्याची गरज नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. गाण्यासाठी तर काहीच खर्च नव्हता. गाण्यातून मुलांना नवे शब्द मिळतात. टाळीबरोबर मोजणी येते. फेर धरताना आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागते. बुजरे मूलही चारचौघांत तोंड उघडते.

पुढे ताराबाई कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील आदिवासी मुले गुरे चारायला जात. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली गेली. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी, १९७५ साली, सरकारने देशभर बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या घरातही आई किंवा आजी लहान भावंडांना अंगाईगीत ऐकवते, टाळ्यांचे खेळ शिकवते. मूल शाळेत जाण्याआधीच त्याचा पहिला धडा असा सुरू झालेला असतो.