तेलाच्या थराचे गणित : ऑस्बर्न रेनॉल्ड्स



कामरेज चार रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. त्यांच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतो, तरी धातूवर धातू घासत नाही. ऑइल आहे म्हणून, असे गॅरेजमधला कोणीही कारागीर सांगेल. पण ऑइल एवढा भार पेलते कसे? हे गणिताने उलगडून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना गणिताची जाण आणि यंत्रांची आवड होती. शालेय शिक्षणानंतर रेनॉल्ड्स थेट विद्यापीठात गेले नाहीत. १८६१ मध्ये ते एका यंत्रकारखान्यात उमेदवार म्हणून राहिले. यंत्रे हाताळताना त्यांना जाणवले की, त्यांमागची कारणे समजायला गणित हवे. मग ते केंब्रिजला गेले आणि १८६७ मध्ये गणिताच्या परीक्षेत सातवे आले. १८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात ते अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन हे त्यांचेच विद्यार्थी.

त्या काळी रेल्वेच्या आसाला तेल कसे द्यावे, हा मोठा प्रश्न होता. बीचम टॉवर नावाचे अभियंते त्यावर प्रयोग करत होते. आस तेलात फिरत होता आणि वरच्या बेअरिंगला तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. टॉवर यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली! दाबमापक लावला, तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र फक्त १०० पौंडांच्या आसपास होता.

टॉवर यांचा हा अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कारण रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये समीकरणाने मांडले. आस आणि बेअरिंग यांमधली फट सगळीकडे सारखी नसते, ती पाचरीसारखी निमुळती होत जाते. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर त्या अरुंद जागेत ओढतो. तेल दाटते, दाब वाढतो आणि कागदाहून पातळ थर सारा भार उचलतो. वेग, तेलाचा घट्टपणा आणि फटीची जाडी कळली की दाब काढता येतो. तेल तापले की पातळ होते, म्हणून त्यांनी ऑलिव्ह तेलाचा घट्टपणा वेगवेगळ्या तापमानांना स्वतः मोजला. आजही बेअरिंगचा आराखडा करताना रेनॉल्ड्स समीकरणच वापरतात.

१९०५ मध्ये ते निवृत्त झाले आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

काही पालक आम्हाला विचारतात, मुलाला आयटीआयलाच घालायचे आहे, मग एवढे गणित कशाला? काही म्हणतात, मुलगी हुशार आहे, तिने हत्यारे कशाला हातात धरायची? रेनॉल्ड्स यांचे जीवन हेच दोन्ही प्रश्नांचे उत्तर आहे. लूमवर किंवा गॅरेजमध्ये मुलाने असे का होते विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. वर्गात आमच्याकडूनही कधी कधी ही चूक होते, ती आम्ही सुधारू. उडालेले बूच पुन्हा ठोकून विषय संपवता आला असता. ते का उडाले, हे विचारले गेले म्हणून विद्या पुढे गेली.