हवेवर धावणारे चाक

सायकल असो, रिक्षा असो की मोठी मालमोटार असो. तिच्या टायरमध्ये काय भरलेले असते? हवा! जी हवा डोळ्यांना दिसत नाही, मुठीत धरता येत नाही, तीच हवा माणसांचे आणि मालाचे ओझे वाहते. दीडशे वर्षांपूर्वी मात्र असे नव्हते. त्या काळी घोडागाडीच्या चाकांना लोखंडी धाव असे. सायकलीच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी बसवलेली असे. रस्ते दगडांचे होते. त्यांवरून सायकल चालवली की अंगाची हाडे खिळखिळी होत. ही अडचण ज्यांनी दूर केली, ते जॉन बॉइड डनलप इंजिनियर नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते.

डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिनबरो शहरात त्यांनी जनावरांच्या वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि काही वर्षे व्यवसाय केला. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला दवाखाना थाटला. कष्टाळू स्वभावामुळे त्यांचा चांगला जम बसला. आयर्लंडमधील मोठ्या दवाखान्यांत त्यांच्या दवाखान्याची गणना होऊ लागली. टायरचा धंदा करावा असा विचारही त्यांच्या मनात नव्हता.

डनलप यांना एक मुलगा व एक मुलगी होती. मुलाजवळ तीन चाकांची एक सायकल होती. बेलफास्टच्या खडबडीत रस्त्यांवर तिला फार हादरे बसत. मुलाचा हा त्रास कसा कमी होईल, याचा विचार डनलप करू लागले. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवे, पण ते ओझ्याने चेपून जाता कामा नये. असे काय असेल? विचार करता करता त्यांना हवेचे उत्तर सापडले.

१८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात ते कामाला लागले. त्यांनी सुमारे ९६ सेंटीमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी तयार करून ती तबकडीच्या कडेवर बसवली आणि तिच्यात हवा भरली. चाक तयार झाले. पण ते खरोखरच चांगले आहे हे कशावरून? डनलप केवळ अंदाजावर थांबले नाहीत. त्यांनी मुलाच्या सायकलीचे एक चाक काढले. मग घराच्या अंगणात दोन्ही चाके सारखीच ढकलून दिली. सायकलीचे चाक थोडे अंतर जाऊन आडवे पडले. हवेचे चाक मात्र पूर्ण अंगण ओलांडून गेले, फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळी मारून मागे आले. अंगणातल्या या परीक्षेने निकाल दिला.

डनलप यांनी मग मुलाच्या सायकलीच्या मागील दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. त्यानंतर मोठ्या सायकलीसाठी टायर बनवून मैदानात त्यांची परीक्षा घेतली. ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे आपल्या शोधावर सरकारने मान्य केलेला हक्क.

तरीही लोकांचा विश्वास बसत नव्हता. ते जाडजूड टायर पाहून लोक हसत. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टमध्ये सायकलींच्या शर्यती झाल्या. विल्यम ह्यूम नावाच्या खेळाडूने हवेच्या टायरची सायकल आणली आणि शर्यती जिंकल्या. हसणारे गप्प झाले. हरलेल्या खेळाडूंमध्ये हार्वे ड्यू क्रो या व्यापाऱ्याची मुले होती. या टायरचे मोल ड्यू क्रो यांनी ओळखले. त्यांनी व डनलप यांनी मिळून टायरची कंपनी उभी केली.

सगळे सुरळीत चालले असतानाच एक मोठा धक्का बसला. डनलप यांचे पेटंट रद्द ठरले! कारण हीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांना कितीतरी आधी सुचली होती. थॉमसनही स्कॉटलंडचेच. त्यांनी १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले होते. पण त्या काळी रस्त्यांवर सायकली नव्हत्या आणि पातळ, स्वस्त रबरही मिळत नव्हते. म्हणून थॉमसन यांचा शोध मागे पडला आणि जग तो विसरले. डनलप यांनी त्याच वाटेने स्वतंत्रपणे जाऊन तीच वस्तू पुन्हा घडवली होती.

पेटंट गेले, तरी कंपनी बुडाली नाही. पहिले टायर चाकाला चिकटवलेले असत. ते पंक्चर झाले की दुरुस्तीला फार वेळ लागे. चार्ल्स वेल्श यांनी १८९० मध्ये टायर काढण्या-घालण्याची सोपी युक्ती शोधली. तिचे हक्क कंपनीने विकत घेतले. धंदा वाढत गेला. मात्र १८९५ मध्ये डनलप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ड्यू क्रो यांनी हा व्यवसाय तीस लाख पौंडांना विकला. डनलप यांच्या वाट्याला मोठी संपत्ती आली नाही. उरलेले दिवस त्यांनी डब्लिन शहरात साधेपणाने काढले. तेथेच २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मात्र टायरबरोबर जगभर पसरले. आपल्या देशातही १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे त्यांच्या नावाचा टायर कारखाना सुरू झाला.

डनलप यांच्या जीवनातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. डोळ्यांवर आणि अंदाजावर विसंबू नये, पारखून पाहावे. मोटारीच्या टायरलाही हाच नियम लागू होतो. हवा कमी झाली तरी टायर वरून ठीकच दिसतो. पण आतून तो तापतो, त्याच्या कडा झिजतात, पेट्रोल जास्त लागते, आणि वेगात असताना टायर फुटला तर जिवावर बेतते. हवा फार झाली तर टायरचा मधला भाग झिजतो व रस्त्यावरची पकड कमी होते. म्हणून हवा गेजने मोजावी. किती हवा हवी, तो आकडा बहुतेक मोटारींच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. गाडी चालवल्यावर टायर गरम होऊन दाब वाढतो, म्हणून सकाळी गाडी काढण्यापूर्वीच मोजावे.

गेजसुद्धा पारखून घ्यावे लागते. काट्याच्या गेजमध्ये धातूची एक वाकडी नळी असते. हवेच्या दाबाने ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. ही युक्ती फ्रान्सच्या युजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये शोधली. गेज जोडलेले नसताना काटा शून्यावर असला पाहिजे. ते व्हॉल्व्हवर नीट बसावे, बाजूने हवा निसटू नये. एकाच टायरवर तीन वेळा लावले तर तिन्ही वेळा आकडा सारखाच यावा. आपल्याला हवा असलेला आकडा तबकडीच्या मधल्या भागात असावा. शेवटी खात्रीच्या दुसऱ्या गेजशी ते ताडून पाहावे. अंगणात दोन चाके शेजारी-शेजारी पळवून डनलप यांनी हेच तर केले होते!

स्वाध्याय

१. डनलप यांना हवेचे टायर बनवण्याची गरज का वाटली?
२. दोन चाकांची परीक्षा त्यांनी कशी घेतली?
३. थॉमसन यांचा शोध मागे का पडला?
४. गेज चांगले आहे की नाही, हे कसे ओळखाल?
५. वाक्यांत उपयोग करा : जम बसणे, जिवावर बेतणे, ताडून पाहणे.