मिचेलचं निळं विमान

स्पिटफायर म्हटलं की १९४० सालचं लंडन आठवतं, सायरन आठवतात आणि हिरव्या-तपकिरी रंगाचं ते देखणं फायटर विमान आठवतं. पण ज्याने ते डिझाईन केलं, त्या रेजिनाल्ड मिचेलने यातलं काहीच पाहिलं नाही. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीच तो गेला. वय अवघं ४२!

मिचेलचा जन्म २० मे १८९५ चा, इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधला. डिग्री वगैरे काही नाही हं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. दिवसभर हात काळे करायचे आणि रात्री नाईट स्कूलमध्ये ड्रॉईंग आणि मॅथ्स. (आणि आपण एम-थ्रीच्या नावाने रडतो!) १९१७ मध्ये साउथॅम्प्टनच्या सुपरमरीन कंपनीत नोकरी मिळाली आणि दोनच वर्षांत तो तिथला चीफ डिझायनर झाला.

ही कंपनी पाण्यावर उतरणारी विमानं बनवायची. त्यांच्या शर्यतीला श्नायडर ट्रॉफी म्हणत. १९२५ साली मिचेलचं एस-४ बाल्टिमोरला पाण्यात कोसळलं, नशिबाने पायलट वाचला. पुढे १९२७, १९२९ आणि १९३१ अशा तिन्ही शर्यती त्याच्याच विमानांनी जिंकल्या आणि ट्रॉफी कायमची ब्रिटनकडे राहिली.

१९३३ मध्ये त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. मोठं ऑपरेशन झालं, पोटाला आयुष्यभराची पिशवी लागली, आणि आजार परत उलटू शकतो हे त्याला माहीत होतं. त्यात हवाई दलासाठी केलेलं त्याचं पहिलं फायटर, टाइप २२४, १९३४ मध्ये साफ फसलं. जाड पंख, न मिटणारी चाकं, वेग कमी. एखाद्याने इथेच हात टेकले असते. मिचेलने त्याच वर्षी विमान चालवायला शिकून घेतलं आणि नव्याने ड्रॉईंग सुरू केलं!

त्या ड्रॉईंगची कमाल मला कळली ती मॉडेल बनवताना. मामाने १:२४ स्केलचं किट दिलं होतं. पंखांचा पसाराच जवळजवळ ४७ सेंटिमीटर, त्यामुळे हॉस्टेलच्या टेबलावर पुस्तकांना जागाच नाही (चांगलंच झालं). पंखाच्या कडेला पॉलिश पेपर मारताना लक्षात येतं की ती सरळ अशी नाहीच, सगळी वळतच जाते. हा लंबगोल आकार पातळ राहतो, तरी मुळाशी रुंद असल्यामुळे आत चाकं आणि बंदुका मावतात. त्यामागचं बरंचसं काम बेव्हर्ली शेन्स्टन या कॅनेडियन सहकाऱ्याचं. मिचेल माणसं निवडायचा आणि त्यांचं ऐकायचा, हे मला जास्त मोठं वाटतं.

टीमचा एक किस्सा तर भारीच आहे. सपाट रिव्हेट महाग, घुमटीचे स्वस्त. मग स्वस्त कुठे चालतील? त्यांनी सपाट रिव्हेटवर वाटाण्याची डाळ चिकटवली, विमान उडवलं आणि थोडी थोडी डाळ काढत दर वेळी वेग मोजला!

५ मार्च १९३६ ला ईस्टलीला पहिलं उड्डाण झालं. जूनमध्ये ३१० विमानांची ऑर्डर आली. पण कॅन्सरही परत आला. १९३७ च्या सुरुवातीला काम सुटलं, एप्रिलमध्ये व्हिएन्नाला नेलं, उपयोग झाला नाही. ११ जून १९३७ ला तो गेला. पुढे जोसेफ स्मिथने डिझाईन वाढवत नेलं आणि सगळी मिळून २०,००० हून जास्त स्पिटफायर बनली. मिचेलच्या हयातीत उडालं ते फक्त एक, के-५०५४ नंबरचं, चकचकीत फिकट निळ्या रंगाचं.

किटच्या खोक्यावर हिरवं-तपकिरी चित्र आहे. मी मात्र निळंच रंगवणार. रूममेट म्हणते, शत्रूला लांबूनच दिसेल! दिसू दे. खरी अडचण वेगळीच आहे. मॅट रंगात ओरखडे लपतात, ग्लॉसमध्ये एकूण एक दिसतो, म्हणून प्रत्येक कोटनंतर ओला पॉलिश पेपर मारावा लागतो. शेपटीचं चाक काढून तिथे घसरपट्टी बसवली आहे, बंदुकांची भोकं बुजवली आहेत. तीन पात्यांचा पंखाही चालणार नाही, कारण त्या विमानाला दोन पात्यांचा लाकडी होता. तो मी आईस्क्रीमच्या काडीतून कोरते आहे. मूळ विमान आता बघायला मिळणार नाही. ब्रिटनने युद्ध जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ ला, फार्नबरोला उतरताना ते मोडलं.