विश्लेषण : शाप की नाकारलेला मोबदला? देशोदेशी फिरलेले फुटबॉलपटू बेला गुटमान यांची कहाणी

पोर्तुगालचा बेन्फिका क्लब युरोपीय स्पर्धेत पुढच्या फेऱ्यांत पोहोचला, की समाजमाध्यमांवर एका जुन्या शापाची गोष्ट हमखास फिरू लागते. प्रशिक्षक बेला गुटमान यांनी १९६२ मध्ये क्लब सोडला. पुढची १०० वर्षे बेन्फिका युरोपचा विजेता होणार नाही, असे त्यांनी जाताना बजावले आणि त्यानंतर क्लबने युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने गमावले, अशी ही गोष्ट. मात्र गुटमान यांचे आयुष्य या शापापुरते नाही. बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क येथे पोटासाठी फुटबॉल खेळलेले, नंतर डझनभर देशांत प्रशिक्षक म्हणून काम केलेले हे गृहस्थ कुठेच का स्थिरावले नाहीत? आणि १९६२ मधला वाद नेमका कशाचा होता? याविषयी…

गुटमान यांनी बुडापेस्ट का सोडले?

गुटमान यांचा जन्म १८९९ मध्ये बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. आई-वडील दोघेही नृत्य शिकवत. बेला यांनीही वयाच्या सोळाव्या वर्षी नृत्यशिक्षकाची पात्रता मिळवली, पण ओढ फुटबॉलची होती. शहरातील एमटीके हा त्या काळातला हंगेरीतील सर्वात बलाढ्य क्लब. तिथे ते सेंटर हाफ म्हणून खेळू लागले. तेव्हाच्या रचनेत दोन बचावपटू, तीन मधले आणि पाच आक्रमक असत. त्यामुळे मधल्या फळीच्या केंद्रस्थानी असलेला सेंटर हाफ बचावालाही यायचा आणि चढाईची सुरुवातही करायचा. १९२० आणि १९२१ अशी सलग दोन वर्षे एमटीकेने हंगेरीची साखळी जिंकली. त्या संघात गुटमान होते.

तरीही ते फार काळ थांबले नाहीत. एक तर संघातली जागा पक्की नव्हती. त्यापेक्षा मोठे कारण मैदानाबाहेरचे होते. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीत मिक्लोश होर्ती यांची राजवट आली आणि ज्यूंवर हल्ले सुरू झाले. १९२० मध्ये विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा घालण्यात आली. हंगेरीत फुटबॉल कागदोपत्री तरी हौशी होता, म्हणजे खेळाडूला उघडपणे पगार घेता येत नव्हता. शेजारच्या व्हिएन्नामध्ये मात्र पैसा होता आणि एक ज्यू क्लब चांगल्या खेळाडूंच्या शोधात होता. गुटमान यांनी तिकडची वाट धरली.

हाकोआ व्हिएन्नाचे वेगळेपण काय?

हाकोआ या हिब्रू शब्दाचा अर्थ शक्ती. अनेक क्रीडासंस्थांची दारे ज्यूंना बंद असताना १९०९ मध्ये व्हिएन्नातील ज्यूंनी हा क्लब स्थापन केला. फुटबॉलसोबत पोहणे, कुस्ती असे अनेक खेळ तिथे चालत. ज्यू माणूस शरीराने दुबळा असतो, हा युरोपातला समज मैदानावर खोडून काढायचा, हे या क्लबचे उघड धोरण होते. सामन्यांवेळी प्रेक्षकांतून शिवीगाळ होत असे. त्यामुळे क्लबच्या कुस्तीपटूंवर फुटबॉल संघाच्या संरक्षणाची जबाबदारी असे.

१९२३ मध्ये या संघाने लंडनला जाऊन वेस्ट हॅमचा ५-० असा पराभव केला. १९२४ मध्ये ऑस्ट्रियात युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली व्यावसायिक साखळी सुरू झाली आणि १९२४-२५ च्या त्या पहिल्याच हंगामात हाकोआ विजेता ठरला. गुटमान यांच्यासाठी हा टप्पा महत्त्वाचा होता. फुटबॉल हे आता त्यांचे उघड, करारावर सही करून केलेले काम झाले होते.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये काय बिनसले?

व्हिएन्नात खेळत असतानाच १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी हंगेरीच्या संघात गुटमान यांची निवड झाली. पथकात खेळाडूंपेक्षा पदाधिकाऱ्यांची संख्या जास्त होती, असे सांगितले जाते. मुक्काम माँमात्र भागातील हॉटेलात होता. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या या वस्तीत पदाधिकाऱ्यांची सोय झाली, खेळाडूंची झोप उडाली. हॉटेलात उंदीरही होते. निषेध म्हणून गुटमान यांनी मेलेले उंदीर पदाधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांवर टांगले, अशी कथा प्रसिद्ध आहे.

हंगेरीने पोलंडला ५-० असे हरवले, पण पुढच्याच फेरीत इजिप्तकडून ०-३ असा धक्कादायक पराभव पत्करला. त्यानंतर गुटमान पुन्हा कधीही हंगेरीकडून खेळले नाहीत. वयाच्या पंचविशीत त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. व्यवस्थापनाशी भांडण आणि मग निरोप, हा क्रम त्यांच्या आयुष्यात पुढे अनेकदा दिसतो.

न्यूयॉर्कने काय दिले आणि काय घेतले?

१९२६ मध्ये हाकोआचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. १ मे रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांचा सामना पाहायला सुमारे ४६ हजार प्रेक्षक आले. अमेरिकेत फुटबॉल सामन्याला एवढी गर्दी त्यापूर्वी कधी झाली नव्हती. हा विक्रम १९७७ पर्यंत टिकला.

अमेरिकेत तेव्हा फुटबॉलला बरे दिवस होते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमध्ये पोलाद आणि कापड उद्योगांच्या पैशावर उभे राहिलेले संघ होते. ते स्कॉटलंडपासून मध्य युरोपापर्यंतचे खेळाडू चांगल्या पगारावर उचलत. व्हिएन्नापेक्षा जास्त पैसे आणि मैदानावर कमी शिव्या, असा दुहेरी लाभ दिसल्यावर हाकोआचे अनेक खेळाडू तिकडेच करारबद्ध झाले. गुटमान न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले. या गळतीतून व्हिएन्नाचा संघ पुन्हा पूर्वीच्या उंचीवर पोहोचला नाही.

अमेरिकेतही बस्तान बसले नाही. १९२८ मध्ये लीग आणि राष्ट्रीय संघटना यांच्यात वाद पेटला. संघ निलंबित झाले, प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली. गुटमान त्या लीगमधील न्यूयॉर्क हाकोआ या नव्या संघात गेले आणि १९२९ मध्ये या संघाने अमेरिकेचा नॅशनल चॅलेंज कप जिंकला. पुढे हाकोआ ऑल-स्टार्स या संघातून ते दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावरही गेले.

फुटबॉलच्या कमाईतून त्यांनी न्यूयॉर्कमधील एका छुप्या मद्यालयात भागीदारी घेतली होती. दारूबंदीच्या त्या काळात हा धंदा तेजीत होता. उरलेली बचत शेअर बाजारात होती. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये बाजार कोसळला आणि ती बुडाली. त्यानंतरच्या मंदीत कारखाने बंद पडले, तसे त्यांच्या आधारावर चालणारे संघही विरले. १९३२ मध्ये गुटमान व्हिएन्नाला परतले, हाकोआसाठी शेवटचे काही सामने खेळले आणि १९३३ मध्ये त्यांनी खेळणे थांबवले. दोन तपांच्या आत एक देश, एक राष्ट्रीय संघ आणि आयुष्याची बचत, असे सगळे त्यांच्या हातून गेले होते.

महायुद्धाच्या काळात काय घडले?

हाकोआ आणि नेदरलँड्समधील एन्स्केडे येथे प्रशिक्षक म्हणून उमेदवारी केल्यावर ते पुन्हा व्हिएन्नाला आले. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नाझींनी हाकोआ क्लब बंद पाडला. गुटमान बुडापेस्टला गेले. १९३८-३९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली उयपेश्त संघाने हंगेरीची साखळी आणि मध्य युरोपातील क्लबांसाठीचा मित्रोपा कप असे दोन्ही जिंकले. पण ज्यूविरोधी कायदे कडक होत होते आणि त्यांचे पद गेले.

या काळाबद्दल गुटमान आयुष्यभर जवळपास गप्प राहिले. अलीकडच्या संशोधनातून समोर आले ते असे : १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतल्यावर ते बुडापेस्टजवळ एका घराच्या माळ्यावर लपून होते. ज्यू नसलेल्या मारियान या त्यांच्या जोडीदाराच्या कुटुंबाने त्यांना आसरा दिला. नंतर त्यांना सक्तमजुरीच्या छावणीत नेण्यात आले. डिसेंबर १९४४ मध्ये ते तिथून निसटले. सोबत एर्नो एर्बश्टाइन हे आणखी एक प्रशिक्षक होते, ज्यांनी पुढे इटलीचा तोरिनो संघ घडवला. गुटमान यांचे वडील आणि बहीण यांच्यासह अनेक नातलग ऑशविट्झमध्ये मारले गेले.

करारावर एवढा भर का?

युद्धानंतर नोकरी टिकवण्यापेक्षा पोट भरणे महत्त्वाचे होते. १९४६ मध्ये बुखारेस्टच्या चोकानुल संघाकडे जाताना त्यांनी मोबदल्याचा काही भाग धान्य-भाजीपाल्याच्या रूपात मागितल्याचे सांगितले जाते. चलनाची किंमत रोज घसरत असताना तोच खरा पगार होता.

पुढे बुडापेस्टच्या किश्पेश्त संघात त्यांचा तरुण फेरेन्क पुश्काशशी खटका उडाला. बदली खेळाडूची सोय नसलेल्या त्या काळात, धसमुसळा खेळणाऱ्या एका बचावपटूला त्यांनी मध्यंतरानंतर मैदानात जाऊ नको असे सांगितले. पुश्काशने त्याला जायला लावले. गुटमान प्रेक्षकांत जाऊन बसले आणि सामना संपल्यावर ट्रामने घरी गेले, ते परत आलेच नाहीत.

त्यानंतर इटली, अर्जेंटिना, सायप्रस आणि पुन्हा इटली असा प्रवास झाला. सर्वात मोठा धडा मिलानमध्ये मिळाला. १९५५ मध्ये एसी मिलान गुणतालिकेत अव्वल असताना त्यांना काढण्यात आले आणि त्या हंगामाचे जेतेपद दुसऱ्या प्रशिक्षकाच्या नावावर लागले. यापुढे संघ अव्वल असेल तर आपल्याला काढता येणार नाही, अशी अट ते करारात घालून घेऊ लागले. कोणत्याही संघासोबत तिसरे वर्ष घातक ठरते, असेही ते मानत.

बेन्फिकाशी वाद कशावरून झाला?

१९५६ च्या उठावानंतर मायदेशी न परतलेल्या होनवेद संघासोबत गुटमान ब्राझीलला गेले आणि तिथेच राहिले. १९५७ मध्ये त्यांनी साओ पावलो संघाला राज्य अजिंक्यपद मिळवून दिले. तिथून पोर्तुगाल. १९५९ मध्ये पोर्तो विजेता झाला आणि लगेच ते बेन्फिकाकडे गेले. १९६० आणि १९६१ मध्ये बेन्फिकाने साखळी जिंकली. १९६१ मध्ये बर्न येथे बार्सिलोनाला ३-२ असे नमवून युरोपियन कपही मिळवला.

दरम्यान, तेव्हा पोर्तुगालची वसाहत असलेल्या मोझांबिकमधून युसेबिओ नावाचा तरुण लिस्बनमध्ये आला. त्याच्याबद्दल गुटमान यांना न्हाव्याच्या दुकानात एका ब्राझिलियन ओळखीच्याकडून कळले, असा किस्सा सांगितला जातो. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅममधील अंतिम सामन्यात समोर रेआल माद्रिद होता आणि त्यांच्याकडून पुश्काश खेळत होता. त्याने मध्यंतरापूर्वीच तीन गोल केले. तरीही बेन्फिकाने ५-३ अशी बाजी मारली. युसेबिओचे दोन गोल निर्णायक ठरले.

सलग दुसऱ्या युरोपीय जेतेपदानंतर गुटमान यांनी जादा मोबदला मागितला. त्या हंगामात देशांतर्गत साखळीत संघ तिसऱ्या स्थानी घसरला होता. करारात तशी तरतूद नसल्याचे कारण देत संचालकांनी नकार दिल्याचे सांगितले जाते. कागदावर नसलेले मिळत नाही, हे मिलानमध्ये शिकलेल्या माणसाला इथे कागदच दाखवण्यात आला. त्यांनी क्लब सोडला आणि उरुग्वेच्या पेन्यारोल संघाची वाट धरली.

मग शापात तथ्य किती?

ते वाक्य गुटमान यांनी खरोखर उच्चारले का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. १९६५ मध्ये ते एका हंगामासाठी पुन्हा बेन्फिकाचे प्रशिक्षक झाले, हेही विसरता येत नाही. शाप देऊन गेलेल्याला क्लब सहसा परत बोलावत नाही. पराभवांची यादी मात्र खरी आहे : १९६३, १९६५, १९६८, १९८८ आणि १९९० मध्ये युरोपियन कपचा अंतिम सामना, १९८३ मध्ये यूएफा कपचा, २०१३ आणि २०१४ मध्ये युरोपा लीगचा. यातील पहिला आणि १९९० चा पराभव गुटमान यांना काढून टाकणाऱ्या मिलानकडूनच झाला.

गुटमान यांचे २८ ऑगस्ट १९८१ रोजी व्हिएन्नात निधन झाले. १९९० चा अंतिम सामना याच शहरात होता. सामन्याआधी युसेबिओने त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केल्याचे सांगितले जाते. बेन्फिका ०-१ असा हरला. २०१४ मध्ये क्लबने आपल्या स्टेडियममध्ये त्यांचा पुतळा उभारला. पुतळ्याच्या हातात दोन युरोपियन कप आहेत. बेन्फिकाकडे आजवर तेवढेच आहेत आणि दोन्ही गुटमान यांच्याच काळातले.