विश्लेषण : दिवसभर एकट्यानेच समालोचन! कोण होते बॉबी तल्यारखान?

आयपीएलचा सामना मोबाइलवर लावला, की आधी भाषा निवडता येते. २०२३ पासून त्यात मराठीही आहे. प्रत्येक भाषेचा समालोचकांचा वेगळा चमू असतो. भारतात रेडिओवर क्रिकेट ऐकू येऊ लागले, तेव्हा मात्र आवाज एकच होता. तो होता ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान यांचा. माइक कोणाशीही वाटून घ्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. त्यातून त्यांना लोकप्रियता मिळाली आणि त्यापायीच त्यांचा माइकही गेला.

सुरुवात कशी झाली?

तल्यारखान यांचा जन्म १८९७ चा, मुंबईच्या पारशी समाजातला. १९३४ मध्ये मुंबईतील चौरंगी स्पर्धेत पारशी विरुद्ध मुस्लिम सामन्याचे त्यांनी रेडिओवरून समालोचन केले. भारतातील पहिले नियमित क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते तेव्हापासून. त्या वेळी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही नव्हते. ते १९३६ मध्ये आले. १९३७ मध्ये स्पर्धा पंचरंगी झाली. धर्मानुसार संघ असलेल्या या स्पर्धेला १९४० मध्ये महात्मा गांधींनी विरोध केला आणि १९४६ मध्ये ती कायमची थांबली. मात्र मैदानात न जाता सामना ‘पाहण्याची’ सवय तोवर मुंबईला लागली होती.

एकट्याने दिवस कसा निभावत?

जेवण आणि चहापानाची सुट्टी सोडली, तर ते दिवसभर सलग बोलत. समालोचन इंग्रजीत असे. रेडिओच्या श्रोत्याला काहीच दिसत नाही. गोलंदाज कोणत्या टोकाकडून येतो, क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत, धावफलक काय सांगतो, हे सारे शब्दांतूनच उभे करावे लागते. दोन चेंडूंमधली शांतता ते किस्से आणि स्वतःच्या मतांनी भरून काढत. आवाज भारदस्त होता आणि मते ठाम. त्यामुळे काही श्रोते सामन्यासाठी रेडिओ लावत, तर काही खास त्यांच्यासाठी.

मग माइक का सोडला?

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. समालोचन एकाऐवजी तिघांनी आळीपाळीने करावे, असे रेडिओने ठरवले. तल्यारखान यांना ते मान्य नव्हते आणि ते बाजूला झाले. रेडिओच्या बाजूनेही तर्क होता. पाच दिवसांच्या कसोटीचा भार एकाच आवाजावर टाकणे जोखमीचे होते, शिवाय श्रोत्याला एकाच माणसाच्या नजरेतून खेळ दिसत होता. पुढे दिवसअखेरचा आढावा घेण्यासाठी ते काही काळ परतले. वृत्तपत्रांतील स्तंभलेखन मात्र त्यांनी दीर्घकाळ केले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर काय बदलले?

ट्रान्झिस्टर गावोगावी पोहोचला. बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर यांच्यामुळे समालोचन मराठीत आले आणि इंग्रजी न येणाराही श्रोता झाला. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चेंडू डोळ्यांना दिसू लागल्यावर वर्णनाची गरज घटली. फलंदाज का चुकला, हे सांगणारे माजी खेळाडू हवे झाले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारण लहरींवर सरकारची मक्तेदारी नसल्याचा निर्णय दिला आणि खासगी वाहिन्यांचा मार्ग मोकळा झाला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातील प्रसारण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. त्यात भारतातील डिजिटल हक्क टीव्हीपेक्षा किंचित महाग ठरले. प्रेक्षक कुठे सरकतो आहे, हे त्यावरून दिसते.

आज त्यांची आठवण कशासाठी?

पॅनेल आल्याने नजरा वाढल्या, भाषा वाढल्या. पण षटक संपताच जाहिरात लागते. समालोचकाला विसाव्याची आणि किश्श्याची जागा उरलेली नाही. ती जागा आता वेगळ्याच ठिकाणी दिसते. कर्जत तालुक्यातील पोशीर परिसरापासून खालापूरपर्यंत टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात. अशा सामन्यांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण ही आता नवलाई राहिलेली नाही. तिथे मंडपात माइक घेऊन बसलेला समालोचक अनेकदा तासन्‌तास एकटाच बोलतो. खेळाडूंची गावे, टोपणनावे, मागच्या वर्षीची अंतिम लढत, सारे त्याला तोंडपाठ असते. तल्यारखान यांचे नाव त्याने कदाचित ऐकलेही नसेल. पण मोठ्या प्रसारणाने नाकारलेली त्यांची पद्धत गावच्या मैदानावर अजून चालू आहे.